होमा-बी २०७ टक्के म्हणजे स्वादुपिंड दुप्पट चांगले समजायचे का? घरातील तीन रिपोर्ट

बांधावरचा मास्तर (राळेगाव तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आमच्या गावात एका खासगी तपासणी केंद्राचे शिबिर झाले. सवलतीचे पॅकेज होते, म्हणून घरातील तिघांनी रक्त दिले. नेहमीच्या साखरेसोबत उपाशीपोटीचे इन्सुलिन, होमा-आयआर आणि होमा-बी असे आकडे रिपोर्टात आले. पहिला आकडा इन्सुलिन रेझिस्टन्सचा आणि दुसरा स्वादुपिंडातील बीटा पेशींच्या क्षमतेचा, एवढेच रिपोर्टाखाली छापलेले आहे.

मी स्वतः ४८ वर्षांचा, वजन ८४ किलो, कंबर १०१ सेंटिमीटर. साखर ९६, इन्सुलिन १९, होमा-आयआर ४.५, होमा-बी २०७ टक्के.

आमचे मोठे भाऊ ५४ वर्षांचे, वजन ४८ किलो, उंची १६५ सेंटिमीटर. जन्मभर शेतात राबलेले. साखर ११८, इन्सुलिन ४.२, होमा-आयआर १.२, होमा-बी २७ टक्के.

पुतण्या २२ वर्षांचा, सडपातळ. साखर ६१, इन्सुलिन ७, होमा-आयआर १.०५, आणि होमा-बी चक्क उणे १२६० टक्के.

माझ्या समजुतीप्रमाणे माझे स्वादुपिंड दुपटीने काम करीत आहे, म्हणजे मला चिंता नाही. भावाचा होमा-आयआर २.५ च्या आत आहे आणि त्यापुढे रिपोर्टात ‘सामान्य’ असे लिहिले आहे, म्हणजे त्यांनाही चिंता नाही. पुतण्याच्या उणे आकड्याने मात्र त्याच्या आईची झोप उडाली आहे. मी गणित शिकवतो, तरीही उणे १२६० टक्के क्षमतेचा अवयव कसा असतो हे मला वर्गात समजावून सांगता येणार नाही. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

सूक्ष्मदर्शी (वर्धा)

गुरुजी, मी तीस वर्षे प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे माझे लक्ष आकड्याआधी नळीकडे जाते. पुतण्याचे रक्त कोणत्या रंगाच्या झाकणाच्या नळीत घेतले होते? ते किती वाजता घेतले आणि यंत्रावर किती वाजता चढले?

बांधावरचा मास्तर

काका, विचारून आलो. माझ्या आणि भावाच्या वेळी राखाडी झाकणाची आणि लाल झाकणाची अशा दोन नळ्या होत्या. पुतण्याचा क्रमांक येईपर्यंत राखाडी नळ्या संपल्या होत्या, म्हणून त्याचे सगळे रक्त लाल झाकणाच्या एकाच नळीत घेतले. सकाळी सातला रक्त घेतले, दुपारच्या एसटीने खोके नागपूरला गेले. त्या दिवशी ऊन ४५ अंशांच्या घरात होते.

सूक्ष्मदर्शी

मग उलगडा झाला. रक्त शरीराबाहेर आले तरी त्यातील पेशी जिवंत असतात आणि त्या नळीतील ग्लुकोज खात राहतात. सेंट्रिफ्यूज फिरवून सिरम वेगळे केले नाही, तर साध्या तापमानालाही दर तासाला साखर साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते, आणि उन्हाळ्यात ती आणखी वेगाने घटते. राखाडी झाकणाच्या नळीत फ्लोराइड असते ते ही खादाडी थांबवण्यासाठीच. तेही पहिल्या तास-दोन तासांत पूर्ण पकड घेत नाही, पण पुढे मात्र साखर टिकवते. पुतण्याची खरी साखर ८४ असती, तर दर तासाला सहा टक्के घट धरून पाच तासांत ती ६१ वर येते. म्हणजे मुलाची साखर कमी नव्हती. ती एसटीच्या प्रवासात कमी झाली.

आता उणे चिन्हाबद्दल. होमा-बीचे सूत्र असे आहे: इन्सुलिनला ३६० ने गुणायचे आणि साखरेतून ६३ वजा करून जे उरेल त्याने भागायचे. साखर ६३ च्या खाली गेली की भाजक उणे होतो, ६३ च्या जवळ आली की उत्तर हजारांत जाते. साखर ८४ धरली तर त्याच इन्सुलिनवर उत्तर १२० टक्के येते. वहिनींना निश्चिंत झोपायला सांगा, आणि ज्या संगणकाने हा आकडा छापला त्यावर कोणा माणसाची नजर गेली नाही, एवढीच नोंद ठेवा.

इन्सुलिनचेही असेच असते. लाल पेशी फुटल्या, ज्याला आम्ही हिमोलाइज झाले म्हणतो, तर त्यांतून बाहेर पडणारा विकर इन्सुलिन तोडतो आणि आकडा खोटा कमी येतो. भाऊंचे ४.२ मला याच कारणाने पुन्हा तपासून पाहावेसे वाटतात. शिवाय केसगळतीसाठी कोणी बायोटिनच्या गोळ्या घेत असेल, तर काही यंत्रांवर इन्सुलिनचे मोजमाप बिघडते. एकाच नमुन्याचे इन्सुलिन दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर वेगळे येऊ शकते. साखरेइतके ते मोजमाप अजून एकसारखे झालेले नाही. म्हणून २.५ ही रेघ सगळ्या प्रयोगशाळांना लागू पडणारी नाही.

दवाखान्याच्या ओट्यावरून (गडचिरोली)

मी ग्रामीण भागात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करते. नळीची बाजू काकांनी सांगितलीच आहे, मी गुरुजींच्या दोन निष्कर्षांबद्दल लिहिते, कारण दोन्ही उलटे आहेत.

होमा हे गणिती प्रारूप १९८५ साली ऑक्सफर्डच्या डेव्हिड मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी मांडले. त्यामागची कल्पना अशी की उपाशीपोटी यकृत साखर सोडत असते आणि स्वादुपिंड इन्सुलिन सोडून तिला आवरत असते. या दोघांचा तोल कोठे स्थिरावला आहे, यावरून प्रतिरोध (इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला दाद न देणे) किती आणि बीटा पेशींचा प्रतिसाद किती याचा अंदाज बांधता येतो. साखर ८१ आणि इन्सुलिन ५ असलेला निरोगी तरुण माणूस त्यांनी मापदंड धरला. त्याचा प्रतिरोध १ आणि बीटा पेशींचे कार्य १०० टक्के. बाकी सगळे आकडे त्या माणसाच्या तुलनेत आहेत. म्हणून २०७ टक्के याचा अर्थ दुप्पट निरोगी असा नाही. त्या साखरेला तुमच्या पेशी मापदंडाच्या माणसापेक्षा दुपटीने इन्सुलिन ओतत आहेत, एवढाच आहे. पाऊस पडून गेलेल्या काळ्या मातीत वखर ओढणारा बैल कोरड्या रानातल्या बैलापेक्षा दुप्पट जोर लावतो, म्हणून तो दुप्पट तगडा ठरत नाही. तुमच्या बाबतीत ती ओली माती म्हणजे ४.५ चा प्रतिरोध. ९६ ही साखर तुम्हाला फुकट मिळालेली नाही.

भाऊंच्या बाबतीत उलट आहे. प्रतिरोध जवळजवळ नाही, म्हणजे माती भुसभुशीत आहे, आणि तरीही साखर ११८ वर गेली आहे. त्या साखरेला निरोगी स्वादुपिंडाने इन्सुलिन ठळकपणे वाढवायला हवे होते, त्यांचे ४.२ वरच अडले आहे. रिपोर्टातला ‘सामान्य’ हा शब्द त्यांच्यासाठी दिशाभूल करणारा आहे, कारण अडचण प्रतिरोधात नसून पुरवठ्यात आहे. माझ्या दृष्टीने तिघांपैकी ज्यांच्याकडे आधी पाहायला हवे, ते भाऊ आहेत. त्यांचे एचबीए१सी केले आहे का?

बांधावरचा मास्तर

मॅडम, केले होते. ५.८ आले. एक सांगायचे राहिले, भाऊ सिकलसेलचे वाहक आहेत, एएस (दोनपैकी एकच जनुक सिकलसेलचे).

दवाखान्याच्या ओट्यावरून

हे महत्त्वाचे आहे आणि आपल्या पूर्व विदर्भात तर नेहमीचे आहे. एचबीए१सी हा आकडा हिमोग्लोबिनवर चढलेल्या साखरेचा असतो, त्यामुळे लाल पेशी किती दिवस जगतात यावर तो अवलंबून आहे. एसएस, म्हणजे दोन्ही जनुके सिकलसेलची असलेल्या, रुग्णात लाल पेशी लवकर मरतात आणि आकडा खोटा कमी येतो. अशा माणसात त्याच्यावर विसंबूच नये. वाहकात पेशींचे आयुष्य बहुधा नेहमीसारखे असते, पण काही यंत्रांना ते हिमोग्लोबिन नीट ओळखता येत नाही आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. उलट लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात तोच आकडा चढा येऊ शकतो. भाऊंना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांची तपासणी करावी. आधीचे तीन दिवस भाकर-भात नेहमीसारखा खाऊ द्या. तपासणीच्या धास्तीने लोक दोन दिवस भाकर सोडतात आणि त्याच उपासामुळे दोन तासांची साखर खोटी चढून येते.

त्रैराशिक (अकोला)

गणिताची गोडी असल्यामुळे एक सुचवतो. इन्सुलिनची संवेदनशीलता घटली की इन्सुलिन वाढायला हवे, म्हणजे हे व्यस्त प्रमाण झाले. माणसे वाढली की दिवस घटतात, तसे. रिचर्ड बर्गमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली हेच मांडले की निरोगी माणसात इन्सुलिनची संवेदनशीलता आणि इन्सुलिनचा स्राव यांचा गुणाकार साधारण स्थिर राहतो. त्या गुणाकाराला डिस्पोझिशन इंडेक्स म्हणतात. तो घसरला की मधुमेह जवळ आला. संवेदनशीलता ही प्रतिरोधाच्या उलट, म्हणून मी होमा-बीला होमा-आयआरने भागले. गुरुजींचे ४६ आले, भाऊंचे २२.५, आणि पुतण्याची दुरुस्त साखर धरून ८३. मॅडमनी शब्दांत जे सांगितले तेच एका आकड्यात आले की नाही?

झाडीपट्टी (साकोली, जि. भंडारा)

धागा वाचून बरे वाटले, कारण आमच्या घरातही हाच गोंधळ आहे. बाबांना मार्चमध्ये ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी सुरू झाली. त्याआधी होमा-बी ३५ होता, आता ७२ आला आहे. एक चूर्ण विकणारे गृहस्थ हा फरक त्यांच्या चूर्णाचा आहे असे सांगून पुढच्या सहा महिन्यांचे पैसे मागत आहेत. बीटा पेशी खरोखर परत आल्या का?

दवाखान्याच्या ओट्यावरून

ताई, पैसे देऊ नका. ग्लिमेपिराइड बीटा पेशीवरची पोटॅशियमची वाट बंद करते आणि त्यामुळे पेशीला इन्सुलिन सोडावे लागते. साखर असो वा नसो. होमा-बी हा त्या क्षणी चाललेला स्राव मोजतो, पेशी किती शिल्लक आहेत हे मोजत नाही. गोळी चालू असताना आकडा वाढणे हा गोळीचा परिणाम आहे. गोळी बंद करून आकडा पाहण्याचा प्रयोग मात्र घरी करू नका.

इन्सुलिनची इंजेक्शने घेणाऱ्यांसाठीही एक सूचना. बहुतेक यंत्रे टोचलेले आणि स्वतःचे इन्सुलिन वेगळे ओळखत नाहीत, म्हणून तेथे इन्सुलिनवरून काढलेला होमा निरर्थक आहे. अशा वेळी सी-पेप्टाइड पाहतात. बीटा पेशी इन्सुलिनचा एक रेणू तयार करते तेव्हा सी-पेप्टाइडचाही एक रेणू सुटतो. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. इन्सुलिनचा जवळपास निम्मा भाग यकृत पहिल्या फेरीतच अडवून घेते, सी-पेप्टाइडला ते हात लावत नाही, आणि ते रक्तात टिकतेही जास्त वेळ. मात्र त्याचा निचरा मूत्रपिंडातून होतो, त्यामुळे मूत्रपिंड थकलेल्या माणसात आकडा फसवा चढतो.

त्रैराशिक

कालचा माझा प्रतिसाद मी मागे घेतो. रात्री सूत्रे कागदावर मांडली आणि स्वतःचीच लाज वाटली. होमा-आयआर म्हणजे साखर गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५. होमा-बी म्हणजे ३६० गुणिले इन्सुलिन, भागिले (साखर उणे ६३). एकाला दुसऱ्याने भागले की अंशातले इन्सुलिन आणि छेदातले इन्सुलिन कटते. उरते ते एवढेच: १,४५,८०० भागिले [साखर गुणिले (साखर उणे ६३)]. गुरुजींची ९६ घाला, ४६ येतात. भाऊंची ११८ घाला, २२.५ येतात. म्हणजे माझ्या त्या ऐटदार आकड्यात इन्सुलिनचा अंशही नव्हता. उपाशीपोटीची साखरच वेगळा सदरा घालून आली होती. ज्या तपासणीचे पैसे मोजले तिचा निकाल मी स्वतःच्या हाताने खोडून टाकला.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. दोन्ही होमा एकाच जोडीतून काढलेले असल्यामुळे इन्सुलिनच्या मोजणीत झालेली चूक दोघांनाही एकाच दिशेने ढकलते. नमुना खराब होऊन इन्सुलिन निम्मे आले, तर प्रतिरोधही निम्मा दिसेल आणि बीटा पेशींचे कार्यही निम्मे. दोन साक्षीदार आहेत असे वाटते, प्रत्यक्षात एकच माणूस दोनदा बोलतो आहे.

सूक्ष्मदर्शी

त्रैराशिक भाऊ, चूक अशी उघड मांडणारे थोडे असतात. त्यात भर घालतो. इन्सुलिन रक्तात एकसारखे वाहत नाही, काही मिनिटांच्या अंतराने त्याच्या लाटा येतात. म्हणून होमा मांडणाऱ्यांनी पाच-पाच मिनिटांनी तीन नमुने घेऊन सरासरी काढायला सांगितले होते. शिबिरात एकच सुई टोचतात. आणि ऑक्सफर्डच्याच लोकांनी पुढे होमा-२ हे संगणकावरचे सुधारित प्रारूप काढले, ते या सोप्या सूत्रासारखी सरळ रेघ धरत नाही आणि त्यात सी-पेप्टाइडही घालता येते. तरीही ते उपाशीपोटीचेच चित्र आहे. उपाशीपोटी मुख्यतः यकृताचा प्रतिरोध दिसतो. स्नायूंचा प्रतिरोध आणि जेवणानंतर बीटा पेशी किती चपळाईने जाग्या होतात, हे त्यात दिसत नाही.

मेळघाटवारा (धारणी, जि. अमरावती)

मॅडम, भाऊंचा जन्म ७२ च्या दुष्काळाच्या सुमाराचा दिसतो आणि वजन आजही ४८ किलो आहे. आमच्याकडे कुपोषणातून वाढलेली अशी पुष्कळ माणसे आहेत. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये कुपोषणाशी संबंधित मधुमेहाला ‘टाइप ५’ अशी मान्यता दिल्याचे वाचले. भाऊंचे तेच असेल का?

दवाखान्याच्या ओट्यावरून

शंका योग्य आहे, निष्कर्षाची मात्र घाई नको. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसले होते की अशा कृश रुग्णांत प्रतिरोध फारसा नसतो, इन्सुलिनचा स्रावच तोकडा असतो; आणि तो अभ्यास होमावर नव्हे, तर शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज देत प्रतिरोध थेट मोजणाऱ्या क्लॅम्प या कसोटीच्या पद्धतीवर उभा होता. पण त्या प्रकाराचे रुग्ण बहुधा तरुण असतात. भाऊ ५४ वर्षांचे आहेत. या वयात कृश माणसाची साखर चढली तर आधी विचारायचे की वजन पूर्वीपासून एवढेच आहे की अलीकडे उतरले आहे. आणि सोनोग्राफीत स्वादुपिंड पाहायचे, गरज वाटल्यास जीएडी अँटिबॉडीही (शरीर स्वतःच्याच बीटा पेशींवर उलटले आहे का, याची तपासणी). याखेरीज आपल्याकडे बारीक अंगातही चरबी लपलेली असते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे बीएमआय २२.३ असे अगदी सारखे होते, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. तेव्हा कृश म्हणजे प्रतिरोध नाही असेही सरसकट धरू नये.

बांधावरचा मास्तर

मंडळी, पंधरा दिवसांनी लिहितो आहे, डवरणीची गडबड होती. आम्ही दोघे भाऊ वर्ध्याला जाऊन, प्रयोगशाळेच्या दारातच रक्त देऊन आलो. मॅडमनी दोन तासांची साखर पुरेशी आहे म्हटले होते, तरी त्रैराशिक भाऊंच्या आग्रहाने अर्ध्या तासाचे इन्सुलिनही मोजून घेतले.

भाऊ: उपाशीपोटी साखर १२१, इन्सुलिन ५.१. अर्ध्या तासाने साखर १९६, इन्सुलिन १४.१. दोन तासांनी साखर २१२.

मी: उपाशीपोटी साखर ९७, इन्सुलिन १८. अर्ध्या तासाने साखर १५८, इन्सुलिन ९१. दोन तासांनी साखर १४८.

भाऊंचे वजन गेली वीस वर्षे एवढेच आहे. तंबाखूचा खर्रा मात्र सुटलेला नाही.

त्रैराशिक

अर्ध्या तासात इन्सुलिन किती वाढले भागिले साखर किती वाढली, याला इन्सुलिनोजेनिक इंडेक्स म्हणतात. भाऊंचे ९ भागिले ७५, म्हणजे ०.१२. गुरुजींचे ७३ भागिले ६१, म्हणजे १.२. जपानमध्ये ०.४ च्या खालचा आकडा मधुमेहाकडे जाण्याची खूण मानतात. या वेळी इन्सुलिन कटत नाही, मी दोनदा तपासले.

दवाखान्याच्या ओट्यावरून

भाऊंची उपाशीपोटीची साखर १२६ च्या आत आणि एचबीए१सी ५.८, म्हणजे या दोहोंवर ते मधुमेहाच्या उंबरठ्याअलीकडे राहिले असते. दोन तासांची २१२ ही मात्र मधुमेहाच्या हद्दीत आहे. लक्षणे नसतील तर दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यावर ती पक्की करून घ्यावी लागते. एका रिपोर्टावर शिक्का मारू नये. पक्के झाले की उपचार ठरवताना डॉक्टरांना सांगा की अडचण पुरवठ्याची आहे. वजन उतरवण्याचा सरसकट सल्ला या माणसाला लागू नाही. त्यांच्या ताटातले वरण कमी करू नका.

गुरुजी, तुमची दोन तासांची १४८ म्हणजे पूर्वमधुमेह आहे. अर्ध्या तासाला ९१ इन्सुलिन ओतूनही साखर १४० च्या आत आली नाही. स्वादुपिंडाचा जोर अजून शाबूत आहे, म्हणून आत्ताच ओझे कमी करण्यात अर्थ आहे. ब्रिटनच्या मोठ्या अभ्यासात टाइप २ चे निदान होईपर्यंत होमाने मोजलेले बीटा पेशींचे कार्य सरासरी निम्म्यावर आलेले दिसले होते. तुम्ही त्याच्या बरेच आधी उभे आहात. कंबर १०१ वरून उतरवा. होमा दर महिन्याला मोजू नका, तो तुम्ही करायचे ते काहीच बदलणार नाही.

बांधावरचा मास्तर

मॅडम, भाऊंची दुसरी तपासणी सोमवारी आहे. पुतण्याचेही राखाडी नळीत परत घेतले. साखर ८६, इन्सुलिन ६.८, होमा-बी १०६. शिबिरवाल्यांना फोन करून उणे १२६० बद्दल विचारले, तर पुढच्या शिबिरात पुन्हा मोफत तपासून देऊ म्हणाले.

सूक्ष्मदर्शी

गेलात तर राखाडी नळी आधी मागून घ्या, आणि रांगेत पहिला क्रमांक लावा.